गणिताचे दोन प्राध्यापक

१९५७ च्या आरंभी, सार्वत्रिक निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, आमच्या तालुक्याच्या गावी आठवड्याचा बाजार उठल्यावर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा भरली होती, आणि पेट्रोमॅक्सच्या दोन बत्त्यांच्या उजेडात त्या रात्री जे चार वक्ते बोलले त्यांत आमचे इतिहासाचे सर होते. वर्गात ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जेमतेम पोहोचे, त्या गृहस्थांनी गावातील एका काँग्रेस पुढाऱ्याचा नाव घेऊन असा समाचार घेतला, की सभा संपल्यावरही लोक घोळक्याघोळक्याने त्याच वाक्यांची उजळणी करीत घरी गेले. त्या पुढाऱ्याचा मुलगा आमच्याच वर्गात, माझ्या पुढच्या बाकावर बसत असे. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला सर नागरिकशास्त्र शिकवावयास आले, तेव्हा तो मान खाली घालून बसला होता आणि आम्ही बाकीचे, खरे सांगावयाचे तर, मौज पाहावयास टपलो होतो. मागून कोणीतरी, "सर, कालचं भाषण फक्कड झालं!" असे म्हणाले. सरांनी खडू उचलला, "काल रात्री मी बाजारात होतो, आता शाळेत आहे," एवढेच ते बोलले, आणि फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घालून त्यांनी त्याच मुलाला उभे केले. द्विभाषिक राज्य टिकावे असे म्हणणारांची कारणे कोणती, हा प्रश्न होता. मुलाने चाचरत दोन कारणे सांगितली. सरांनी ती फळ्यावर लिहिली, आणि त्याला न आठवलेली आणखी दोन आपण होऊन खाली जोडली. मग फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर मराठी राज्याच्या बाजूची कारणेही तितकीच, चारच, लिहिली आणि तास संपला.

त्या वेळी आमची निराशा झाली. पुढे स्वतः अध्यापनाच्या व्यवसायात पडल्यावर, आदल्या रात्री ज्या पक्षाचे त्यांनी वाभाडे काढले त्याच पक्षाची कारणे इतक्या निष्ठेने फळ्यावर मांडताना त्या माणसाला काय श्रम पडले असतील, याची थोडीबहुत कल्पना मला येऊ लागली. शिक्षकाचे खाजगी अस्तित्व आणि त्याचा व्यवसाय यांच्यामध्ये वर्गाच्या दारापाशी एक सीमारेषा असते, हे आपण सगळेच मानतो. परंतु ती रेषा नेमकी कोठून जाते, ती कोणी आखावयाची आणि तिने रक्षण कोणाचे व्हावयाचे, याबद्दल आपल्या समाजात जितका गोंधळ आहे तितका क्वचितच अन्य कोणत्या व्यवसायाविषयी असेल.

वकील आपले मत अशिलापुढे मांडतो तेव्हा अशील उठून जाऊ शकतो, वर्तमानपत्राच्या वाचकाला अंक मिटून ठेवता येतो. वर्गातल्या मुलाला मात्र जागेवरून उठण्याची मुभा नसते. हजेरीपटावर त्याचे नाव आहे, उत्तरपत्रिकेवरचे गुण समोरच्याच माणसाच्या हाती आहेत, आणि त्याचे वय असे आहे की मोठ्यांच्या स्वरातील निश्चय हाच त्याला पुरावा वाटतो. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१७ साली म्यूनिक येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता. जेथे श्रोत्यांना गप्प बसून ऐकणे भाग आहे आणि विरोध करण्याची सोय नाही, त्या व्यासपीठाचा उपयोग आपले राजकीय मत गळी उतरविण्यासाठी करणे हा त्याच्या मते बेजबाबदारपणा होता. ज्याला प्रचार करावयाचा असेल त्याने चव्हाट्यावर जावे, जेथे लोक उलट उत्तर देऊ शकतात. चांगल्या अध्यापकाचे पहिले काम, तो म्हणतो, विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या पक्षमताला अडचणीची ठरणारी वस्तुस्थिती मान्य करावयास शिकविणे हे होय. आमच्या सरांनी वेबरचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. फळ्यावरची ती जादा दोन कारणे मात्र याच जातीची होती.

वेबरच्याही आधी, फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण वगळण्यात आले, तेव्हा नीतीचा पाठ धर्माच्या आधारावाचून द्यावयाचा कसा, ही अडचण हजारो खेडेगावांतल्या शिक्षकांपुढे उभी राहिली. जूल फेरी या शिक्षणमंत्र्याने नोव्हेंबर १८८३ मध्ये त्यांना पत्र धाडले आणि त्यात एक साधी कसोटी घालून दिली: तुमच्या वर्गातील एखाद्या मुलाचा बाप, अगदी एकच बाप, या क्षणी येथे बसून ऐकत असता, तर तुम्ही जे सांगणार आहात त्याला त्याने प्रामाणिकपणे हरकत घेतली असती काय, हे मनाशी विचारा, घेतली असती असे वाटले तर ते बोलू नका. ही कसोटी जशीच्या तशी सर्वत्र लागू पडत नाही. अस्पृश्यता पाप आहे हे वाक्य एकाही बापाने हरकत घेऊ नये म्हणून जर कोणी गिळून टाकले असते, तर महाराष्ट्रातील कित्येक शाळांत ते कधीच उच्चारले गेले नसते. तरीही बोलण्यापूर्वी वर्गात नसलेल्या त्या बापाची आठवण ठेवावी, हा तिच्यातला विवेक मला मोलाचा वाटतो.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात लोकजागृती करणारी माणसे आणि शाळेत शिकविणारी माणसे बव्हंशी एकच होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाला’ लिहीत असताना सरकारी शाळेत शिक्षक होते, आणि रत्नागिरीस बदली झाल्यावर काही काळाने, १८७९ मध्ये, त्यांनी त्या नोकरीचा राजीनामा दिला. १८८० च्या जानेवारीत पुण्यास निघालेल्या न्यू इंग्लिश स्कुलातील तरुण शिक्षकच दुसऱ्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ चालवू लागले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी बेअब्रूच्या खटल्यात टिळक व आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, तेव्हा ते शाळेचे शिक्षकही होतेच. पुढे याच शिक्षकांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत जो कलह माजला, त्याचेही एक मूळ याच प्रश्नात होते. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेलाच वाहिली पाहिजे, बाहेरची प्राप्ती व बाहेरची कामे त्याने अंगावर घेऊ नयेत, असा टिळकांचा आग्रह होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले तेव्हा हा कलह विकोपाला गेला, आणि १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. येथे तंटा मतांचा कमी व वेळेचा अधिक होता: शिक्षकाचा दिवस कोणाच्या मालकीचा?

टिळक गेल्याने गणित शिकविणाऱ्या माणसाची वाण पडली, आणि गोखल्यांच्या आग्रहावरून १८९१ मध्ये सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणितासाठी आले ते धोंडो केशव कर्वे. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. दुसरा विवाह करावयाचा तर विधवेशीच करीन, असा त्यांचा निश्चय होता, आणि त्याप्रमाणे ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुण्यास विवाह केला. मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. स्वतःच्या गावी, स्वतःच्या आईच्या घरी उतरणे त्यांना अशक्य झाले. अण्णांचे हे चरित्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझे लक्ष मात्र त्या चरित्रातल्या एका बाजूला पडलेल्या वस्तुस्थितीकडे वारंवार जाते, आणि ती ही, की या साऱ्या काळात फर्ग्युसनमध्ये त्यांचे गणिताचे तास चालू होते. ज्या माणसाला गावाने वाळीत टाकले तोच माणूस ठरल्या वेळी वर्गावर जाऊन बीजगणिताची समीकरणे सोडवून दाखवीत होता, आणि समोरच्या बाकांवर ज्या घरांतले तरुण बसत होते त्यांतील पुष्कळ घरे अशा विवाहाला उघड उघड अधर्म म्हणणारी होती.

१८९६ मध्ये कर्व्यांची अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली आणि १९०० मध्ये तिचा आश्रम हिंगण्यास गेला. तेव्हाचे हिंगणे म्हणजे शहराबाहेरचे, वाटेवर चिखल असलेले खेडे होते. तेथून पायी निघून कर्वे महाविद्यालयात येत, तास घेत आणि पुन्हा पायी आश्रमात जात. ही पायपीट आपण त्यागाचे उदाहरण म्हणून मुलांना सांगतो, आणि ते यथार्थच आहे. मला मात्र तिच्यात आणखी काही दिसते. त्या रस्त्याच्या एका टोकाला त्यांचे जीवितकार्य होते, दुसऱ्या टोकाला त्यांची नोकरी. आणि १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत या माणसाने दोन्ही टोके सांभाळली. आश्रमासाठी वर्गणी मागावयास ते दारोदार हिंडले, सुट्ट्यांत गावोगाव फिरले. गणिताच्या तासाचे मात्र व्याख्यान होऊ दिले नाही. सोसायटीलाही याचे श्रेय दिले पाहिजे. सनातन्यांची नाराजी पत्करून तिने आपला गणिताचा प्राध्यापक सांभाळला. आगरकरांसारखा सुधारक त्या विवाहाच्या वेळी तेथे प्राचार्य होता, ही गोष्ट निश्चितच उपयोगी पडली असेल.

राधाबाईंचा मुलगा रघुनाथ हाही गणिताचाच प्राध्यापक झाला. पॅरिसला जाऊन त्याने गणिताचे उच्च शिक्षण घेतले, आणि परतल्यावर १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. बापाने विधवेच्या विवाहाचा प्रश्न अंगावर घेतला होता. मुलाने त्याही पलीकडे जाऊन, ज्या विषयाचा उच्चार सभ्य समाज दार लावूनही करीत नव्हता, त्यावर १९२३ मध्ये पुस्तक लिहिले. त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवीत होते. संस्था स्कॉटिश मिशनऱ्यांची. त्यांच्या धर्मश्रद्धेला हा प्रचार मानवणारा नव्हता. प्रचार सोडा, नाही तर नोकरी सोडा, अशी निवड पुढे आली, तेव्हा रघुनाथरावांनी १९२५ मध्ये राजीनामा दिला. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. स्थिर पगाराची प्राध्यापकी मात्र त्यांना पुन्हा लाभली नाही.

या दोन प्रकरणांची तुलना करताना संस्थेची बाजूही विचारात घेतली पाहिजे, हे मी मान्य करतो. विशिष्ट श्रद्धेच्या लोकांनी, त्या श्रद्धेसाठी जमविलेल्या पैशावर जी संस्था चालविली, तिच्या नावाशी आपल्या प्राध्यापकाचे नाव जोडले जाते, आणि पालक तिलाच जाब विचारतात. असे असूनही माझा निर्णय रघुनाथरावांच्या बाजूचा आहे. वर्गात त्यांनी गणितच शिकविले. केंद्र त्यांचे स्वतःचे, लेखणी स्वतःची आणि वेळही स्वतःचाच होता. वर्गाच्या दारातली रेषा जर विद्यार्थ्याच्या संरक्षणासाठी असेल, तर तिने शिक्षकाचे मत वर्गाबाहेर थांबवावे एवढाच तिचा अधिकार पोहोचतो. तीच रेषा लांबवीत लांबवीत त्याच्या घरापर्यंत, टेबलापर्यंत आणि शाईच्या दौतीपर्यंत नेली, म्हणजे विद्यार्थ्याचे रक्षण बाजूला राहून तो माणसाला विकत घेण्याचा व्यवहार होतो. पगार तासांचा असतो. गणिताच्या प्राध्यापकाने समीकरण चुकीचे सोडविले तर संस्थेने त्याला खुशाल जाब विचारावा.

येथवर मी असे लिहीत आलो, जणू आपले खाजगी अस्तित्व दाराबाहेर ठेवणे वा न ठेवणे प्रत्येक शिक्षकाच्या हाती असते. तसे ते नसते. डॉ. आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अमेरिकेत व इंग्लंडात अध्ययन करून आलेला हा विद्वान वर्गावर अर्थशास्त्रच शिकवीत होता, विद्यार्थी त्याची व्याख्याने आवडीने ऐकत होते. परंतु प्राध्यापकांच्या दालनातील पाण्याच्या भांड्यातून त्याने पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. आपल्या जातीचा त्याने वर्गात उच्चार केला होता काय, हा प्रश्नच तेथे गैरलागू होता. ती त्याच्या आधी त्या दालनात जाऊन बसली होती. म्हणून कोणी शिक्षकाला ‘आपली ओळख बाहेर ठेव’ असे सांगू लागला, की मी आधी विचारतो, कोणाला सांगता? ज्याचे आडनाव, भाषा, सण आणि कपाळावरचे गंध सगळ्या वर्गासारखेच असते, त्याची ओळख कोणाच्या नजरेलाच येत नाही, आणि तिलाच आपण तटस्थता समजतो. ज्या बाईंच्या बोलीत वऱ्हाडी वा मालवणी हेल येतो, ज्या सरांचे नाव हजेरीपटावरील बहुतेक नावांहून वेगळ्या धर्माचे असते, त्यांनाच तेवढे स्वतःला झाकून घ्यावे लागते. हा अन्याय आहे, आणि तो नियमाच्या भाषेत केला जातो म्हणून अधिक टोचतो.

राज्याच्या पैशावर पूर्णतः चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येणार नाही, असे आपल्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने सांगितले आहे. ते बंधन शिकविण्यावर आहे. शिक्षकाने कोणत्या घरात जन्म घेतला आणि सकाळी कोणाची प्रार्थना केली, यावर ते नाही. हा भेद ज्याला उमगला त्याला पुढचे पुष्कळसे उलगडते. शिक्षकाचे माणूसपण वर्गात यावे, अवश्य यावे. मुलांना ते हवेच असते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींनी जे केले त्यात खाजगी आणि व्यावसायिक असा भेद शोधूनही सापडत नाही: वसतिगृहातील मुलांची अंथरुणे आवरावी, खोल्या झाडाव्या, त्यांच्यासाठी हाताने नियतकालिक लिहावे. परंतु १९३० मध्ये सत्याग्रहात उडी घेण्याचे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि मगच ते गेले. माया वाटण्यासाठी त्यांनी कसलीही रेषा पाळली नाही; मुलांना तुरुंगाच्या वाटेवर नेऊ शकणाऱ्या आपल्या निर्णयाचे वजन मात्र त्यांनी शिक्षकाच्या खुर्चीवरून टाकले नाही.

आपल्या भाषेने याची एक सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. शाळेत शिक्षकाला नाव नसते. तो गुरुजी, मास्तर, सर असतो, ती बाई किंवा मॅडम असते. तालुक्याच्या बाजारात भाजी घेताना समोरून विद्यार्थी आला आणि "बाई!" म्हणून ओरडला, की हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून ती गृहिणी क्षणात बाई होते, पदर सावरते, आवाज बदलते. या संबोधनाने तिचे घरचे नाव झाकले जाते. आता मात्र हे झाकण सैल झाले आहे. रात्री साडेदहाला पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गृहपाठाची विचारणा होते, शिक्षिकेचा सहलीतला फोटो विद्यार्थी घरबसल्या पाहतात, आणि त्यावर शेरेही मारतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला खाजगी शिकवणीची मनाई केली. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांस त्याला जुंपू नये, असेही सांगितले. त्याच्या संध्याकाळीविषयी मात्र कोणताच कायदा बोलत नाही. शिक्षकाच्या वेशाची काळजी वाहणारी परिपत्रके निघतात. शाळा सुटल्यावर त्याने दूरध्वनी उचलला नाही तर चालेल, असे सांगणारे एखादे निघाले तर मी त्याचे मनापासून स्वागत करीन.

आमच्या त्या सरांकडे मी मॅट्रिकनंतर बऱ्याच वर्षांनी, पुण्याहून सुटीत आलो असताना गेलो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन गेले होते, समिती फुटून गेली होती, आणि त्या साऱ्याविषयी त्यांचे मत काय हे जाणून घेण्याची मला फार दिवसांची उत्कंठा होती. मी प्रश्न विचारला. ते लगेच बोलले नाहीत. बाईंनी आणून ठेवलेला चहाचा पेला त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि विचारले, "तुझा धाकटा भाऊ अजून शाळेत आहे का रे?" गेल्याच वर्षी मॅट्रिक झाला, असे मी सांगितले. तेव्हा त्यांनी उठून ओसरीचे दार लोटून घेतले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून, त्या बाजाराच्या रात्रीच्या आवाजात, ते बोलू लागले.